शीड आवरण्याची वेळ

किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला शिडाची होडी सर्वांत देखणी दिसते ती जोरदार वाऱ्यात. शिडे फुगलेली असतात, होडी एका अंगावर कललेली असते, नाळेवर पाणी फुटून पांढरा फेस दोन्ही बाजूंना उधळत असतो. पाहणाऱ्याला वाटते, हीच खरी गती. होडीतल्या माणसाच्या मनात मात्र त्याच क्षणी निराळाच हिशेब चाललेला असतो. सुकाणू हाताला किती जड लागते आहे, पाणी काठावरून आत येण्यास किती बोटे उरली आहेत, आणि क्षितिजावरचा तो काळा पट्टा येऊन पोहोचण्यापूर्वी शीड कमी करायला किती अवधी मिळेल, याचा तो हिशेब असतो. किनाऱ्यावरून जे वैभव म्हणून दिसते, ते होडीत पुष्कळदा उशीर झाल्याचे लक्षण असते.

या हिशेबाचा धडा साऱ्या जगाला ज्या एका लहानशा होडीने घालून दिला, तिचा जन्म मुंबईचा. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर काम करणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे तरुण अधिकारी 1960 नंतरच्या काळात मुंबईत होते. त्यांनी येथेच सागवानी लाकडाची एक होडी बांधून घेतली. आराखडा अमेरिकन होता आणि त्याचे मूळ नॉर्वेच्या किनाऱ्यावरील जीवरक्षक नौकांत होते. पण हात होते मुंबईच्या सुतारांचे आणि हत्यारेही त्यांचीच, परंपरेने चालत आलेली. 1964 मध्ये नारळ फोडून ती पाण्यात उतरवली गेली. आखातातल्या अरब दर्यावर्दींनी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला दिलेले ‘सुहैली’ हे नाव तिला मिळाले. तिची लांबी सुमारे 32 फूट, म्हणजे एसटीच्या गाडीहून आखूडच. डोलकाठ्या दोन. दिसायला बोजड, चालीला मंद. शर्यतीची नौका म्हणून तिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते.

तिचे मोल कशात होते हे समजण्यासाठी शिडाच्या होडीचे शास्त्र थोडे समजून घ्यावे लागते, आणि ते दुकानातल्या तराजूवरून चांगले समजते. तराजूची दांडी एका बिंदूला टांगलेली असते आणि दोन्ही पारड्यांचा समतोल त्या बिंदूवर ठरतो. होडीलाही असा एक बिंदू असतो, फक्त तो पाण्याखाली असतो. होडीचा तळ, तिचा कणा आणि सुकाणू हे तिघे मिळून होडीला आडवे सरकू देत नाहीत. त्या अडवणुकीचा मध्य म्हणजे हा बिंदू. होडी वळते ती याच्याभोवती. या बिंदूच्या पुढे असलेले शीड नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलते. त्याच्या मागे असलेले शीड पिछाडीला दूर ढकलते, आणि त्यामुळे नाळ वाऱ्याकडे वळते. पुढचे आणि मागचे शीड ही दोन पारडी एकमेकांना तोलून धरतील अशी लावली, तर होडी स्वतःच सरळ चालते; सुकाणूवर नुसते बोट ठेवले तरी पुरते.

तोल बिघडला की सुकाणू बोलू लागते. मागच्या शिडाचे पारडे फार जड झाले तर होडी सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते, आणि तिला सरळ ठेवण्यासाठी सुकाणूचा दांडा छातीशी ओढून धरावा लागतो. नवशिक्याला या ओढीत एक प्रकारचा पराक्रम वाटतो. वास्तविक तिरपे धरलेले सुकाणू पाण्यात आडवे येते आणि होडीला मागे खेचते. म्हणजे शिडाने कमावलेले सुकाणू गमावते, आणि त्या व्यवहारात माणसाचे दंड तेवढे दुखतात. उलट पुढचे पारडे जड झाले, तर हात सुटताच होडी वाऱ्याला पाठ देऊन धावत सुटते, आणि शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर झटक्याने आदळण्याचा धोका उभा राहतो. म्हणून जाणता नाविक अगदी समसमान तोलही ठेवत नाही. मागचे पारडे तो किंचित जड ठेवतो. अशा होडीत माणूस तोल जाऊन पडला किंवा त्याचा हात सुटला, तर होडी आपणहून वाऱ्याकडे वळते, शिडे फडफडू लागतात आणि वेग ओसरतो. चूक झाली तरी थांबण्याकडे कल असावा, अशी ही योजना आहे.

वारा वाढला की या तराजूत नवी अडचण येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो; वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट. दहा नॉटच्या वाऱ्यात सुखाने पेललेले शीड वीस नॉटच्या वाऱ्यात चार शिडांचे काम करू लागते. होडी कलते. ती कलली की शिडांचा जोर तिच्या मध्यरेषेवर राहत नाही, बाजूच्या पाण्यावर जातो. मग एकाच दांड्याला धरून ढकललेली हातगाडी जशी वळते, तशी होडी वाऱ्याकडे वळू लागते. सुकाणू आणखी ओढावे लागते, वेग आणखी घटतो, आणि पुढचा झोत आणखी मोठा आला तर सुकाणूची सत्ताच संपते.

अशा वेळी करायच्या गोष्टी मोजक्याच असतात. झोत आला की शिडाला आवरणारा दोर, म्हणजे दामण, हातभर सैल सोडायचा. नाळ किंचित वाऱ्याकडे घ्यायची. आणि अंगाचे वजन वरच्या काठावर न्यायचे. लहान होडीत दामण हातातच धरतात, बांधून टाकत नाहीत. बांधलेला दामण हे होडी उलटण्याचे जुने कारण आहे. झोतांचे अंतर कमी होऊन तोच वारा कायमचा झाला, तर शीड आखडावे लागते. त्यासाठी मुख्य शिडातला वारा सोडून द्यायचा, शीड काही हात खाली घ्यायचे आणि त्याचा खालचा भाग आडव्या काठीला बांधून टाकायचा. त्याच वेळी पुढचे शीडही त्या प्रमाणात लहान करायचे, कारण एकाच पारड्यातले वजन काढले तर तराजू दुसरीकडे झुकणारच. सुहैलीसारख्या दोन डोलकाठ्यांच्या होडीला येथे एक सोय असते. मधले मोठे शीड पुरते उतरवले, तरी अगदी पुढचे आणि अगदी मागचे अशी दोन लहान शिडे उरतात. पारडी हलकी होतात, पण दोन्ही जागेवर राहतात आणि तोल टिकतो.

शीड आखडायचे केव्हा, याविषयी दर्यावर्दींत एक जुना दंडक आहे. ते आखडावे की काय, असा विचार मनात प्रथम येतो तीच ती वेळ. त्यानंतर जो वेळ जातो तो केवळ स्वतःची समजूत घालण्यात जातो. वारा उतरेल, एवढे अंतर कापून घेऊ, शेजारच्या होडीने अजून आखडलेले नाही, असे बहाणे मन शोधत राहते. आणि जे काम शांत पाण्यात पाच मिनिटांचे असते, तेच उसळत्या होडीत, ओल्या दोरांनी आणि गारठलेल्या बोटांनी अर्ध्या तासाचे होऊन बसते. शिवाय शीड आखडल्याने वेग जातो ही समजूतही पुष्कळदा खोटी ठरते. होडी सरळ उभी राहते, सुकाणूची ओढ थांबते, आणि कमी शिडावर ती पूर्वीइतकीच, कधी अधिकही, चालते.

या शास्त्राची खरी परीक्षा 1968 साली झाली. कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता, एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याची शर्यत लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने जाहीर केली होती. निघाले नऊ जण. 29 वर्षांच्या नॉक्स-जॉन्स्टन यांनी 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधील फाल्मथ बंदर सोडले. सुहैलीच्या पिछाडीवर वाऱ्याच्या पात्यांनी चालणारे एक यंत्र बसवले होते. माणूस झोपला असता सुकाणू सांभाळणे हे त्याचे काम. नॉक्स-जॉन्स्टन त्याला थट्टेने ‘ॲडमिरल’ म्हणत. केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेला एका वादळात लाटेने सुहैली आडवी पाडली. होडी पुन्हा उभी राहिली, पण केबिनचे सांधे हलले आणि पिण्याचे पाणी दूषित झाले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जवळ ॲडमिरलनेही कायमची रजा घेतली. समोर पॅसिफिक महासागर आणि केप हॉर्न, आणि होडीत माणूस एक. चोवीस तास सुकाणू धरून बसणे कोणालाही शक्य नव्हते.

तेथे तराजू कामास आला. पुढचे शीड किती ओढायचे, मधले किती आखडायचे, मागचे किती सैल सोडायचे, याची जुळणी करीत नॉक्स-जॉन्स्टन यांनी सुहैलीला स्वतःच्या तोलावर चालायला लावले. सुकाणू बांधून ठेवायचे, आणि वारा बदलला की पुन्हा जुळणी करायची. होडीची चाल बदलली की झोपेतही अंगाला ते कळे. मोठ्या वादळात ते पिछाडीवरून शेकडो फूट लांबीचा जाड दोर पाण्यात सोडत आणि पुढचे इवलेसे वादळी शीड मध्यरेषेवर घट्ट ताणून ठेवत. मागचा दोर पिछाडीला आवरून धरी, पुढचे शीड नाळेला भरकटू देत नसे, आणि होडी लाटांना पाठ देऊन धीम्या गतीने पुढे सरकत राही. 17 जानेवारी 1969 रोजी तिने केप हॉर्न ओलांडले. ॲडमिरल गेल्यानंतर पाच महिन्यांहून अधिक काळ ही मुंबईची होडी तोलावर चालत राहिली. बलवान हात नव्हे, तर योग्य जुळणी हीच तिची शक्ती होती.

त्याच शर्यतीत दुसरे एक नाव होते डोनाल्ड क्राउहर्स्ट यांचे. त्यांचा जन्म 1932 सालचा, आपल्या गाझियाबादचा. इंग्लंडमध्ये नौकानयनाची विद्युत उपकरणे बनवण्याचा त्यांचा लहानसा कारखाना होता, आणि तो अडचणीत आला होता. शर्यत जिंकली तर धंदा तरेल, असा त्यांचा हिशेब होता. एका धनिकाच्या पैशातून त्यांनी तीन तळांची वेगवान नौका बांधून घेतली. पण प्रवास फसला तर ती नौका क्राउहर्स्ट यांच्या कंपनीने विकत घ्यायची, अशी अट होती, आणि त्यापायी कारखाना व राहते घर दोन्ही तारणात गेले होते. नौका अपुरी होती, सामान नीट लागले नव्हते, तरी शर्यतीच्या नियमानुसार निघण्याचा शेवटचा दिवस म्हणजे 31 ऑक्टोबर 1968 आला आणि ते निघाले. अटलांटिकमध्येच नौकेत पाणी येऊ लागले. दक्षिणेच्या वादळी समुद्रात ती टिकणार नाही, हे त्यांना उमगले. समुद्राचा सल्ला स्पष्ट होता, मागे फिरावे. परंतु मागे फिरणे म्हणजे दिवाळे. शीड आवरण्याची जी जागा प्रत्येक नाविक स्वतःजवळ राखून ठेवतो, ती त्यांनी निघण्यापूर्वीच गहाण टाकली होती.

मग दोन वह्या सुरू झाल्या. क्राउहर्स्ट अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिले आणि रेडिओवरून खोटी ठिकाणे कळवत राहिले. एका दिवसात 243 मैल कापल्याचा त्यांचा दावा जगाने वर्तमानपत्रांत वाचला. एका वहीत होडी खरोखर कोठे आहे ते लिहायचे, आणि दुसरीकडे ती कोठे असावयास हवी होती त्याची गणिते मांडायची. खातेवह्यांशी ज्यांचा जन्म गेला त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पहिली खोटी नोंद करायला एक क्षण पुरतो, आणि ती नोंद जुळवत राहायला पुढची सारी पाने लागतात.

या खोट्या आकड्यांचे मोल दुसऱ्याच एका नाविकाने मोजले. नायजेल टेटली खरोखरच केप हॉर्न ओलांडून परतत होते. त्यांचीही नौका तीन तळांची होती, आणि इतक्या प्रवासाने ती खिळखिळी झालेली होती. क्राउहर्स्ट पाठीमागून वेगाने येत आहेत, या बातमीवर विश्वास ठेवून त्यांनी तिला जोराने हाकले. मे 1969 मध्ये ॲझोर्स बेटांजवळच्या वादळी वाऱ्यात नौका फुटली. टेटली वाचले, पण घर अवघ्या हजारभर मैलांवर असताना त्यांची शर्यत संपली. शेजारच्या होडीचे शीड पाहून आपले शीड ठरवू नये, असे दर्यावर्दी सांगतात. येथे तर शेजारची होडी प्रत्यक्षात तेथे नव्हतीच.

क्राउहर्स्ट यांची नौका 10 जुलै 1969 रोजी अटलांटिकमध्ये रिकामी तरंगताना सापडली. वह्या आत होत्या, माणूस नव्हता. घरी पत्नी आणि चार लहान मुले वाट पाहत होती.

नॉक्स-जॉन्स्टन त्यापूर्वीच, 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी फाल्मथला पोहोचले होते. कोठून आलात, असे जकात अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, तेव्हा त्यांनी ‘फाल्मथहून’ एवढेच उत्तर दिले. ते अक्षरशः खरे होते. नऊ जणांतून प्रवास पूर्ण करणारे ते एकटेच ठरले. त्यामुळे सर्वांत कमी वेळाचे 5,000 पौंडांचे बक्षीसही सर्वांत मंद म्हणवल्या गेलेल्या होडीला मिळाले. ते सारे पैसे नॉक्स-जॉन्स्टन यांनी क्राउहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले. ज्याने फसवले त्याच्याविषयी त्यांनी कठोर शब्द वापरले नाहीत. एकट्या माणसावर समुद्रात काय ओढवते, हे त्यांना ठाऊक होते.

सुहैलीचा वारसा पुढे पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर आला. नौदलाचे दिलीप दोंदे हे नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकले, आणि गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघून मे 2010 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून परतले. हे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी 2012–13 मध्ये कोठेही न थांबता तोच प्रवास केला. त्याच अभिलाष यांच्यासाठी गोव्यात सुहैलीची प्रतिकृती बांधली गेली. तिचे नाव ‘तुरिया’. 2018 च्या शर्यतीत, सप्टेंबर महिन्यात, दक्षिण हिंदी महासागरातल्या भीषण वादळाने तुरियाला उलटीपालटी केले. डोलकाठ्या मोडल्या, अभिलाष यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून घेतले. होडी सुजाण बांधणीची होती, नाविक निष्णात होता, तरीही असे घडले. तोल सांभाळणाऱ्याला समुद्र काही अभयपत्र लिहून देत नाही, एवढे मान्य करूनच या विद्येकडे पाहावे लागते. पण अभिलाष बरे झाले, पुन्हा निघाले, आणि 2023 मध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले. ज्याने आपली खरी जागा जगाला सांगितलेली असते, त्याला शोधायला जहाजे येऊ शकतात. क्राउहर्स्ट यांना ती वाट उरली नव्हती.

तेजीच्या काळात घेतलेले कर्ज हे पूर्ण उघडलेल्या शिडासारखे असते. मंद वाऱ्यात ते शोभते आणि वेगही देते. प्रश्न शीड किती मोठे आहे हा नसतो. वारा दुप्पट झाला तर ते किती झटपट खाली घेता येईल, हा असतो. ज्या पेढीत वडील मुलाला माल आणि भाव शिकवतात, तेथे दामण हातात ठेवण्याची ही गोष्टही शिकवली जावी. आणि आज जरा आवरून घेऊ, असे म्हणणाऱ्या मुलाला घरात कोणी भित्रा म्हणू नये. क्राउहर्स्ट यांना मागे फिरता आले नाही ते केवळ करारामुळे नव्हे. आपण मागे फिरलो तर लोक काय म्हणतील, हेही एक शीडच होते, आणि ते उतरवण्याचा दोर त्यांना अखेरपर्यंत सापडला नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर शिडाची गलबते होती तेव्हा पावसाळा आला की ती ओढून किनाऱ्यावर घेत आणि माडाच्या झावळ्यांनी शाकारून ठेवत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होई, मगच ती पुन्हा पाण्यात उतरत. तेवढे दिवस व्यापार थांबे, पण त्याला कोणी नुकसान म्हणत नसे. असाच नारळ फोडून पाण्यात उतरलेली सुहैली अजून शाबूत आहे. 2019 मध्ये, त्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ऐंशी वर्षांचे नॉक्स-जॉन्स्टन तिला पुन्हा फाल्मथ बंदरात घेऊन आले. टेटली यांची वेगवान नौका शर्यत पुरी होण्यापूर्वीच फुटली. वेळीच शीड आवरणारी ही सागवानी होडी मात्र पाण्यावर राहिली.